मोजलेलं ऊन

अमेरिकेतली बहुतेक राज्यं मार्च महिन्यात घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणजे संध्याकाळी उजेड जास्त वेळ टिकतो. ॲरिझोनाने १९६७च्या उन्हाळ्यात हे करून पाहिलं आणि पुढच्याच वर्षी सोडून दिलं. ईशान्येकडचा नाव्हाहो लोकांचा प्रदेश वगळला तर आजही तिथे घड्याळाला कोणी हात लावत नाही. कारण अगदी साधं आहे. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला सूर्य आणखी तासभर डोक्यावर नको असतो. मुलांना खेळायला सोडायचं, कुत्र्याला फिरवायचं, दुकानात जायचं, ते सगळं सूर्य बुडाल्यावर. तो लवकर बुडालेलाच बरा.

या राज्याच्या दक्षिण भागात, सोनोरा वाळवंटाच्या उत्तरेकडच्या कडेला, सॉल्ट नदीचं खोरं आहे. चहूबाजूंना बोडके डोंगर, मधे समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटर उंचीवरचं सपाट मैदान. तिथेच फीनिक्स शहर आणि त्याला चिकटून वाढलेली मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल, चँडलर, ग्लेनडेल ही गावं. सगळी मिळून पन्नास लाखांच्या आसपास वस्ती. पाऊस वर्षाकाठी सुमारे १८० मिलिमीटर, आपल्या माणदेशात पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. १९५० साली फीनिक्स लाखभर लोकांचं गाव होतं. आज शहरापुरती लोकसंख्या सोळा लाखांच्या वर आहे आणि ते देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर आहे. चँडलरच्या चिप कारखान्यांनी आणि आसपासच्या कंपन्यांनी तिथे बरीच मराठी घरंही नेऊन बसवली आहेत. पुणे-नागपूरच्या आयांचे जून महिन्यातले फोन तिकडे जातात तेव्हा पहिला प्रश्न तापमानाचाच असतो.

हे पुस्तक त्या खोऱ्यातल्या उन्हाबद्दल, तिथल्या आटत चाललेल्या पाण्याबद्दल, धुळीच्या वादळांबद्दल आणि अचानक येणाऱ्या पुरांबद्दल आहे. हे चार विषय सरकारी कागदावर चार खात्यांकडे असतात. पुस्तक लिहिताना ते वेगळे ठेवता आले नाहीत. धुळीच्या मागे दुष्काळ निघाला, दुष्काळाच्या मागे ऊन, आणि उन्हाने मेलेल्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा विजेचं बिल किंवा भाड्याची थकबाकी. पण या खोऱ्यावर लिहावंसं वाटलं ते आणखी एका कारणाने. उन्हाने गेलेलं प्रत्येक माणूस तिथे मोजलं जातं. कसं मोजतात आणि मोजल्यावर काय दिसलं, हे मराठी वाचकापर्यंत पोचावं ही माझी इच्छा आहे.

आधी उन्हाबद्दल. मी नागपूरची. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऐकून आमच्याकडे कोणी दचकत नाही. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, दुपारी बाहेर पडायचं नाही, एवढं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे फीनिक्सचे आकडे पहिल्यांदा वाचताना माझंही मन म्हणत होतं की यात काय एवढं. फरक लक्षात आला तो मुक्कामाच्या लांबीचा. आपल्याकडे नवतपा नऊ दिवसांचा असतो आणि त्याच्या मागोमाग मृग येतो. फीनिक्समध्ये २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग एकतीस दिवस दुपारचा पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३.३ सेल्सिअसच्या, खाली उतरला नाही. आधीचा उच्चांक १९७४चा, अठरा दिवसांचा होता. त्या जुलैची रात्र-दिवस धरून सरासरी ३९ अंशांच्या वर गेली. पुढच्या वर्षी, २०२४ साली, पारा रोज १०० फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअसला पोचतोय, हे मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग ११३ दिवस चाललं.

यातला खरा घात रात्री होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीचं सर्वांत कमी तापमान ३६ अंश होतं. म्हणजे पहाटे पाचला, रात्रभर थंड झालेल्या हवेत. वाळवंटाची रात्र गार असते असं आपण वाचत आलो आहोत, आणि उघड्या वाळवंटात ते आजही बऱ्याच अंशी खरं आहे. कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही, जमीन झटपट निवते. पण शहराने ती जमीन डांबराखाली आणि सिमेंटखाली झाकली. डांबर दुपारी सत्तर अंशांच्या वर तापतं आणि रात्रभर ती ऊब परत सोडत राहतं. त्यात लाखो एसी घरातली उष्णता बाहेर फेकत असतात. शहराच्या मध्यात आणि बाहेरच्या रानात रात्री कित्येक अंशांचा फरक पडतो.

हा फरक माणसाआधी झाडांनी सांगितला. साग्वारो हा तिथला उंच, हात वर केल्यासारखा निवडुंग. दीडशे-दोनशे वर्षं जगतो. तो आपली छिद्रं दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडून हवा आत घेतो, कारण रात्री पाणी कमी उडतं. रात्र निवलीच नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये साग्वारोंचे हात गळून पडले, काही अख्खे कोसळले. वाळवंटासाठीच घडलेलं झाड वाळवंटातल्या शहरात उष्णतेने मेलं. ही बातमी मी पुनःपुन्हा वाचली. तिच्याएवढं स्पष्ट मला कुठल्याही आलेखाने सांगितलं नव्हतं.

माणसाच्या शरीराचंही गणित रात्रीवरच अवलंबून आहे. कोरड्या उन्हात घाम येतो पण दिसत नाही. आला की उडून जातो, कातडीवर मिठाची पांढुरकी साय राहते. त्यामुळे आपण किती पाणी गमावलं याचा अंदाजच येत नाही. हृदय दिवसभर कातडीकडे रक्त पंप करत राहतं. रात्री त्याला उसंत मिळाली तर माणूस दुसऱ्या दिवसाला उभा राहतो. सलग आठ-दहा रात्री ती मिळाली नाही, वय सत्तरीच्या पुढे असलं, रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असल्या, तर शरीराचं तापमान चाळिशीपलीकडे जातं, बोलणं असंबद्ध होतं, शुद्ध हरपते. याला आपण ऊन लागणं म्हणतो. वैद्यकीय भाषेत तो उष्माघात आहे आणि त्यावर पहिला उपाय एकच, शरीर मिनिटांच्या हिशोबात थंड करणं.

फीनिक्सच्या अग्निशमन दलाने २०२४ पासून त्यासाठी एक साधी गोष्ट सोबत ठेवायला सुरुवात केली. जाड, पाणी न झिरपणारी, चेन असलेली लांब पिशवी. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेल्या माणसाला त्या पिशवीत झोपवतात, वरून बर्फ आणि पाणी ओततात, चेन गळ्यापर्यंत ओढतात आणि तसंच रुग्णालयाकडे निघतात. ही पिशवी मुळात प्रेतं वाहण्याच्या पिशवीसारखीच असते. तीत घातलेली माणसं वाटेतच डोळे उघडतात, बोलू लागतात. पूर्वी रुग्णालयात पोचेपर्यंत ओले टॉवेल आणि थंड सलाइन एवढ्यावर वेळ काढावा लागे. सरळ बर्फात बुडवण्याचा उपाय खेळाडूंसाठी आणि सैनिकांसाठी कित्येक वर्षं वापरात होता; फुटपाथवरच्या माणसापर्यंत तो यायला इतका उशीर लागला.

आता मोजणीबद्दल. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथल्या आरोग्य विभागाने २००६ पासून उष्णतेने झालेल्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली आहे. उन्हाने झालेला मृत्यू ओळखणं सोपं नसतं. प्रेतावर खूण नसते, हृदय बंद पडलं एवढंच दिसतं. म्हणून शवचिकित्सा कार्यालयाचे लोक मृत्यूच्या जागी जातात आणि विचारतात: आतलं तापमान किती होतं? एसी होता का? असला तर चालू होता का? वीज होती का? माणूस किती वेळ एकटा होता? प्रकरण तपासून संपायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. उन्हाळाभर दर आठवड्याला अहवाल निघतो, त्यात निश्चित झालेले मृत्यू वेगळे आणि तपासाखालचे वेगळे दाखवलेले असतात.

या नोंदींतले आकडे असे आहेत. २०१४ साली ६१ मृत्यू. २०१९ साली १९९. २०२० साली ३२३, २०२२ साली ४२५, आणि २०२३ साली ६४५. एका काउंटीत, एका उन्हाळ्यात, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. वादळाने इतकी माणसं गेली असती तर राष्ट्राध्यक्ष विमानाने तिथे उतरले असते.

पण नुसत्या बेरजेपेक्षा तपशील महत्त्वाचा. २०२३ मध्ये गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के बेघर होते. निम्म्याहून जास्त प्रकरणांत अमली पदार्थांचा, विशेषतः मेथँफेटामीनचा, अंश सापडला. हा पदार्थ शरीराचं तापमान आतूनच वाढवतो आणि बेशुद्ध माणूस तापलेल्या डांबरावर तासन्‌तास पडून राहतो. तिथल्या भाजलेल्यांच्या रुग्णालयात उन्हाळ्यात नुसत्या रस्त्यावर पडून कातडी भाजलेले लोक येतात. आणि दीडशेच्या वर माणसं घरात मेली. स्वतःच्या घरात, छपराखाली. त्यातल्या बहुतेक घरांत एसी होता, पण बंद होता. कुठे कॉम्प्रेसर गेलेला, कुठे दुरुस्तीला पैसे नाहीत, कुठे वीज कापलेली, कुठे बिलाच्या धास्तीने म्हाताऱ्या माणसाने स्वतःच बटण बंद करून ठेवलेलं.

मोजणी केल्यामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. चाकांवर आणून ठेवलेली पत्र्याची घरं, ज्यांना तिकडे मोबाइल होम म्हणतात, ती एकूण घरांत थोडीशीच आहेत; घरातल्या मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा कितीतरी पटींनी मोठा निघाला. घर राहणाऱ्याचं, जागा दुसऱ्याची. जागामालक म्हणे, खिडकीतला एसी दिसायला वाईट दिसतो, काढून टाका. २०२४ साली राज्याला कायदा करावा लागला की अशा वस्तीत राहणाऱ्याला घर थंड ठेवण्याची साधनं बसवायला जागामालक मनाई करू शकणार नाही. त्याआधी, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, खोऱ्यातली एक वृद्ध स्त्री तिच्या घरात मृत सापडली. विजेच्या थकबाकीतले जेमतेम पन्नास डॉलर भरायचे राहिले होते म्हणून तिची वीज कापली होती, आणि त्या दिवशी बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन होतं. तिची हकीगत बाहेर आल्यावर २०१९ पासून राज्याच्या नियामक मंडळाने १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज कापायला बंदी घातली. त्या बंदीचा मसुदा कोणी हवामानशास्त्रज्ञाने लिहिला नव्हता. एका मृत्यूची नीट चौकशी झाली, कारण कागदावर आलं, आणि कारणावर बोट ठेवता आलं.

हे सगळं वाचताना मला सारखं खारघर आठवत होतं. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर दुपारी उघड्या मैदानात बसलेले लाखो लोक. चौदा जण उष्माघाताने गेले. पारा चाळिशीच्या आतच होता. खाडीकाठची दमट हवा घाम उडू देत नव्हती. ती चौदा माणसं मोजली गेली, कारण ती एका समारंभात, कॅमेऱ्यांसमोर कोसळली. त्याच आठवड्यात बांधकामावर, वीटभट्टीवर, पत्र्याच्या खोलीत जी गेली असतील ती ‘हृदयविकार’ या रकान्यात गेली. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा उष्माघाताचा आकडा एक असतो, आरोग्य खात्याचा दुसरा, आणि दोन्हींची गाठ पडत नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला, नागपूरनेही त्या वाटेने पाऊल टाकलं, आणि त्याचा उपयोग होतो यात मला शंका नाही. पण घरात मेलेल्या माणसापाशी जाऊन पंखा चालू होता का, असं विचारणारं कोणी आपण अजून नेमलेलं नाही. हे पुस्तक वाचून एखाद्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने तेवढं सुरू केलं तरी माझे श्रम कामी आले.

पुस्तकाचा दुसरा भाग पाण्याचा. तो मी लांबवला आहे आणि वाचकाने त्यावरून उडी मारून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे, कारण हे शहर तिथे मुळात आहेच का, याचं उत्तर त्यात आहे.

सॉल्ट नदीवर पहिले कालवे काढले ते होहोकाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी. साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत, लाकडी आणि दगडी अवजारांनी, त्यांनी या खोऱ्यात शेकडो किलोमीटरचे पाट खोदले आणि मका, कापूस, घेवडा पिकवला. मग ती वस्ती मोडली. का मोडली यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. पूर, अवर्षण, जमीन क्षारपड होणं, आपसातले कलह, सगळ्यांचा थोडाथोडा हात दिसतो. आजचे अकिमेल ओओधम लोक स्वतःला त्यांचे वंशज मानतात. १८६७ साली जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने कालव्याची कंपनी काढली तेव्हा बुजलेले ते जुने पाट जमिनीवर दिसत होते, आणि नव्या कालव्यांनी बऱ्याच ठिकाणी त्यांचीच ओळ धरली.

मग नदीने आपला स्वभाव दाखवला. १८९१ साली मोठा पूर आला, त्याच दशकाच्या शेवटी नदी जवळजवळ आटली. शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये आपल्या जमिनी तारण ठेवून संघ उभा केला, केंद्राने पैसा दिला आणि १९११ साली वरच्या डोंगरात रूझवेल्ट धरण झालं. तेव्हापासून शहरातून जाणारं सॉल्ट नदीचं पात्र वर्षातले बहुतेक दिवस कोरडं असतं; सगळं पाणी कालव्यांत.

या संघाच्या जुन्या जमिनींवर पुढे घरं झाली, पण पाण्याचा हक्क जमिनीबरोबरच राहिला. म्हणून फीनिक्सच्या काही जुन्या मोहल्ल्यांत आजही ठरलेल्या दिवशी, कधी रात्री दोन वाजता, घरमालक अंगणातली झडप उघडतो आणि कालव्याचं पाणी घोट्याएवढं अंगणभर पसरतं. पाणी सोडायला संघाचा माणूस येतो. तो म्हणजे सरळ आपला पाटकरी, आणि ही पद्धत म्हणजे आपली पाळी. अशा अंगणांत पेकन आणि संत्र्याची जुनी झाडं आहेत, रस्त्यावर गर्द सावली आहे आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथली हवा शेजारच्या वस्तीहून गार असते. ज्या वस्त्यांना पाळी नाही आणि नळाच्या पाण्याचं बिल झेपत नाही, तिथे रेती आणि डांबर. बसथांब्यावर खांबाच्या बोटभर सावलीत उभी असलेली माणसं तिथे दिसतात. सूर्य सरकतो तशी तीही सरकतात. शतकभरापूर्वी कोणाच्या नावावर पाणी लागलं, यावर आज कोणाच्या अंगावर सावली पडते हे बरंचसं ठरलेलं आहे. शिवाय जिथे मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना राहायला भाग पाडलं, त्या दक्षिण फीनिक्समध्ये झाडांवर कधी खर्चच झाला नाही.

या वाटणीत सर्वांत आधी लुबाडले गेले ते ओओधमच. १८७०-८० च्या दशकांत वरच्या अंगाच्या वसाहतकऱ्यांनी हिला नदीचं पाणी वळवलं आणि खाली शतकानुशतकं गहू-मका पिकवणाऱ्या या लोकांची शेतं वाळली. उपासमार झाली, मग सरकारी शिध्यातलं पीठ आणि चरबी आली, आणि पुढच्या पिढ्यांत मधुमेह. पाण्याचा त्यांचा हक्क कायद्याने परत मान्य व्हायला २००४ साल उजाडलं. आज हिला रिव्हर समाजाकडे राज्यातल्या पाण्याचा मोठा हिस्सा आहे आणि टंचाईच्या वाटाघाटी त्यांना वगळून होऊ शकत नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या एका कालव्यावर सौर पत्रे बसवले. अमेरिकेतला तो पहिला असा प्रकल्प, आणि त्याआधी एक तपभर गुजरातमध्ये कालव्यावर हेच करून झालं होतं.

सॉल्ट नदी पुरेना तेव्हा शहराने कोलोराडो नदीकडे हात पसरला. १९७३ ते १९९३ या वीस वर्षांत ५४० किलोमीटरचा कालवा खोदला गेला, जो पाणी पंपांनी साडेआठशे मीटरहून जास्त उचलत फीनिक्समार्गे टूसॉनपर्यंत नेतो. त्याला परवानगी देताना १९६८ साली एक अट पडली: टंचाई आलीच तर आधी ॲरिझोनाच्या या कालव्याचं पाणी कापायचं, कॅलिफोर्नियाचं नंतर. त्या वेळी ही अट दूरच्या भविष्यातली वाटली असणार. मुळात कोलोराडोची वाटणी १९२२ च्या करारात झाली ती नेमक्या ओल्या वर्षांच्या मापांवर. नदीत जेवढं पाणी असतं त्याहून जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं.

२००० पासून कोलोराडोचं खोरं कोरडं पडायला लागलं. झाडांच्या वलयांवरून काढलेल्या हिशोबाप्रमाणे २००० ते २०२१ हा नैर्ऋत्य अमेरिकेतला किमान बाराशे वर्षांतला सर्वांत कोरडा बावीस वर्षांचा काळ आहे. पाऊस-बर्फ कमी पडला हे त्याचं अर्धंच कारण. हवा तापली की डोंगरावरचा बर्फ आणि माती या दोन्हींतलं पाणी ती जास्त ओढते. तेवढाच बर्फ पडूनही नदीत पूर्वीपेक्षा कमी उतरतं. २०२२ च्या जुलैत कोलोराडोवरचा मीड जलाशय त्याच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शाजवळ आला. त्याच वर्षी पहिली टंचाई-कपात लागू झाली होती, आणि अटीप्रमाणे घाव ॲरिझोनावर पडला, त्यातही सगळ्यात जास्त फीनिक्सच्या दक्षिणेकडच्या पिनाल काउंटीच्या कापूस-गवत पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर.

त्यांची शेतं पडीक राहिली. नांगरलेली, उघडी, पाण्यावाचूनची माती. आणि इथून तिसरा भाग सुरू होतो, धुळीचा.

तिथेही मौसमी पाऊस आहे, हे ऐकून आपल्याला नवल वाटतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत वाऱ्यांची दिशा बदलते, मेक्सिकोकडून आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून ओल येते, दुपारी डोंगरांवर ढग चढतात. आपल्या पावसाच्या तुलनेत तो क्षीण आणि लहरी. २०२३ साली तर तो जवळजवळ फिरकलाच नाही. पण ढग फुटतो तेव्हा त्याच्या पोटातली थंड जड हवा सरळ खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. तिच्या वाटेत पिनालची पडीक शेतं आली की तपकिरी भिंत उभी राहते. ५ जुलै २०११ ची अशी भिंत दीड किलोमीटरच्या आसपास उंच होती आणि दीडशे किलोमीटर रुंद. संध्याकाळी ती शहरावर आली आणि काही मिनिटांत दिवसाची रात्र झाली. फीनिक्स-टूसॉन महामार्गावर अशा धुळीत एकामागून एक गाड्या आदळून माणसं मेली आहेत. म्हणून तिथल्या चालकाला शिकवतात: रस्त्याच्या पार बाहेर जाऊन थांबा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवा चालू ठेवला तर मागचा चालक त्याला रस्ता समजून थेट येऊन धडकतो. याच खाली कोसळणाऱ्या हवेने ३० जून २०१३ रोजी खोऱ्याच्या वायव्येला यार्नेल गावापाशी वणव्याची दिशा फिरवली आणि अग्निशमन दलाचे एकोणीस तरुण त्यात गेले.

धुळीबरोबर तिथल्या मातीतली एक बुरशीही उडते. ती फुप्फुसात गेली तर खोकला, ताप, महिनोन्‌महिने थकवा. काहींना त्याहून गंभीर. व्हॅली फीव्हर हे त्या आजाराचं नाव आणि देशातले निम्म्याहून जास्त रुग्ण एकट्या ॲरिझोनात सापडतात. नव्या घरांसाठी जमीन उकरली जाते तेव्हाही ती उडते, त्यामुळे बांधकामावरचे मजूर आधी सापडतात.

पुराबद्दल मी थोडक्यात लिहिलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये कोरड्या पात्रात धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि शहराचे दोन भाग जोडणाऱ्या पुलांपैकी दोनच वापरात राहिले. ८ सप्टेंबर २०१४ रोजी एका दिवसात ८४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे वर्षाच्या जवळपास निम्मा, आणि महामार्गाचा कालवा झाला. तापून घट्ट झालेली जमीन पाणी पीत नाही, एवढं सांगितलं की आपल्याकडच्या वाचकाला बाकी सांगावं लागत नाही.

मला जास्त भीती वाटते ती वादळाच्या दुसऱ्या परिणामाची, ती म्हणजे वीज जाण्याची. जुन्या काळी तिथे लोक ओसरीत ओल्या चादरी टांगून झोपत. मग १९३० च्या दशकात जाळीवर पाणी आणि मागे पंखा असलेले कूलर आले. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांची जागा ज्या पत्र्याच्या कूलरने घेतली, त्याचंच ते भावंड. कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो आणि मौसमी ओल आली की निव्वळ दमट वारा फेकतो; नागपुरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जे होतं तेच तिथे जुलैत. म्हणून एसी आले, आणि खोऱ्यातली पन्नास लाखांची वस्ती एसीच्या भरवशावर उभी राहिली. २०२३ मध्ये जॉर्जिया टेकच्या ब्रायन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं की उष्णतेच्या लाटेत फीनिक्सची वीज काही दिवस गेली तर काय होईल. उत्तर आलं: शहरातल्या जवळपास निम्म्या लोकांना तातडीच्या उपचारांची गरज पडेल आणि बारा हजारांहून जास्त माणसं मरतील. हे अनुमान आहे, आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. पण घरात मेलेल्या दीडशे माणसांची नोंद शेजारी ठेवून ते वाचलं की आक्षेप लहान वाटू लागतात.

शेवटच्या भागात शहराने काय केलं ते आहे. २०२१ साली फीनिक्सने नुसत्या उष्णतेसाठी वेगळं कार्यालय उघडलं. महापालिकेच्या पैशातून चालणारं असं कार्यालय तोवर अमेरिकेत नव्हतं. रस्त्यांवर फिक्या रंगाचा थर दिला गेला. अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी शहरातल्या डोंगरांवरच्या प्रसिद्ध पायवाटा दिवसा बंद राहू लागल्या. मार्च २०२४ मध्ये ठराव झाला की शहराच्या कंत्राटावर काम करणाऱ्या मजुराला पाणी, सावली, विश्रांती आणि थंड जागा मिळालीच पाहिजे. त्याच उन्हाळ्यात काही वाचनालयं आणि केंद्रं रात्रभर उघडी ठेवली गेली, कारण नोंदींतून दिसलं होतं की आधीची केंद्रं संध्याकाळी बंद होत आणि माणसं त्यानंतर मरत. २०२४ चा उन्हाळा आदल्या वर्षाहून लांब होता. मृत्यू ६०८ झाले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आकडा खाली आला. मी हा आकडा विजय म्हणून लिहिलेला नाही. सहाशे आठ ही सहाशे आठ माणसं आहेत. पण तापमान वाढत असताना मृत्यू कमी होऊ शकतात, हे पुराव्यानिशी दिसलं, आणि माझ्या मते या पुस्तकातली ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

त्यासाठी लागलेला बराचसा पैसा करोनाच्या काळात केंद्राने दिलेल्या मदतनिधीतून आला. तो निधी २०२६ अखेर संपवायचा आहे. कोलोराडोच्या टंचाईत कोणाचं पाणी किती कापायचं हे ठरवणारे २००७ चे नियमही २०२६ अखेरच संपतात, आणि नव्या नियमांवरून वरच्या अंगाची चार राज्यं आणि खालच्या अंगाची तीन यांच्यात तीव्र मतभेद आहेत. रात्रभर उघडी असलेली वाचनालयं कोणत्या पैशावर चालणार आणि खोऱ्याच्या वाट्याला किती पाणी उरणार, हे दोन्ही प्रश्न त्यामुळे एकाच वर्षी शहरासमोर आले आहेत. शेवटचं प्रकरण त्यांच्याबद्दल आहे आणि ते मी मुद्दाम उत्तराशिवाय सोडलं आहे.